सावड कुठली, इर्जिक कुठली: मित्राबरोबर धंदा करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघं मित्र मिळून नऱ्ह्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप काढतायत. प्रश्न विचारणाऱ्याने त्यातल्या एका मित्राला दीड वर्षापूर्वी ७०,००० रुपये हातउसने दिले होते. त्याने ते परत केले नाहीत आणि विषयही काढला नाही. पण प्रश्नकर्त्याची आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा हाच मित्र चार रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून होता. "याच्यावर भरवसा ठेवावा का? आणि भागीदारी लिहून घेऊ म्हटलं तर मैत्रीला तडा जाईल का?"

मी पुण्यात सव्वीस वर्षं छोट्या धंद्यांचे हिशोब लिहिते आणि भागीदारीची कागदपत्रं करते. भोसरी, धायरी, हडपसर, कात्रज इथल्या शेड, गाळे, दुकानं, दोन-दोन चार-चार मित्रांनी मिळून काढलेली. त्यांचे करार मी करून दिले आणि त्यातले बरेच मोडतानाही मीच समोर बसले होते. म्हणून आधी सरळ उत्तर देते. भागीदारी लिहून घ्याच. त्याने मैत्री तुटत नाही. मात्र लिहायला बसण्याआधी ७०,००० चा विषय तुम्हाला काढावा लागेल. तो न काढता केलेल्या करारावर सह्या तिघांच्या असतील, पण तुमची सही करताना तुमच्या मनात एक गाठ असेल, आणि ती गाठ पुढे वेल्डिंग मशीनच्या बिलात, दिवाळीच्या बोनसमध्ये, उशिरा आलेल्या दिवसात, कुठेही निघेल.

आता हे असं का, ते सांगते.

माझं आजोळ मुळशीतलं. भातलावणीच्या दिवसांत तिथे सावड असायची. सावडीत दिवस मोजतात. आज तुमच्या घरची दोन माणसं आमच्या खाचरात चिखलात उभी राहिली, तर परवा आमच्या घरची दोन तुमच्या खाचरात. कुणी आजारी पडलं तर बदली माणूस पाठवायचा. बदली पाठवला नाही तर आजी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात जाऊन "एक माणूस राहिलाय हो तुमच्याकडनं" असं सांगून यायची. त्यात तिला संकोच नव्हता आणि ऐकणाऱ्याला राग नव्हता. सावडीचा तसा शिरस्ताच होता.

आणि त्याच गावात इर्जिकही होती. कुणाचा बैल दगावला, घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, काम अडून पडलं, की लोक आपापली औतं घेऊन एक दिवस त्याच्या रानात उतरायचे. त्या दिवसाचं जेवण त्याच्या घरी. तिथे मोजणी नव्हती. कुणी किती तास औत हाकलं हे कुणी विचारलं असतं तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं. कोण आलं होतं आणि कोण आलं नव्हतं हे मात्र आजीला वीस वर्षांनीही तोंडपाठ होतं. ते तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

एकाच गावात, त्याच माणसांमध्ये या दोन रीती शेजारी शेजारी चालायच्या, आणि कुठलं काम कशात मोडतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. माझ्यासमोर तुटलेल्या मैत्र्यांपैकी फार थोड्या लबाडीने तुटल्या. बहुतेक जागी एकजण सावड समजून चालला होता आणि दुसरा इर्जिक. दोघंही प्रामाणिक होते, पण तो फरक त्यांनी कधी एकमेकांना सांगितला नाही.

तुमचंच बघा. ७०,००० रुपये आणि चार रात्री तुम्ही एकाच प्रश्नात, लागोपाठच्या वाक्यांत लिहिल्यात. म्हणजे तुमच्याही मनात त्या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या आहेत. तशाच त्या तुमच्या मित्राच्या मनातही असू शकतात. "त्याच्या आईसाठी मी चार रात्री जागलो, तो काय माझ्याकडे पैसे मागणार!" असं त्याला वाटत असेल, तर त्याच्या लेखी तो हिशोब मिटलेला आहे. तुमच्या लेखी रात्री ही मैत्री होती आणि पैसे हे उसने होते. तुमची मांडणी मला जास्त बरोबर वाटते, कारण उसने हा शब्द देताना वापरला गेला होता. पण बरोबर असणं आणि समोरच्याला ते माहीत असणं यात दीड वर्षाचं अंतर पडलंय.

दुसरी शक्यता मला त्याहून जास्त वाटते, आणि ती शरमेची आहे. मराठीत मिंधा हा शब्द आहे. दुसऱ्याच्या उपकाराखाली मान वर करता येत नाही अशी अवस्था. मिंधा माणूस विषय काढत नाही, कारण विषय काढला की पैसे द्यावे लागतील आणि पैसे तर नाहीत. मग तो भेटायचं टाळत नाही, पण त्या विषयाच्या गल्लीत शिरत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ही बनेलगिरी वाटते. मी अशी माणसं फार जवळून बघितली आहेत. आपल्या देण्याच्या काळजीने त्यांची झोप उडालेली असते आणि येणेकऱ्याला वाटत असतं की हा विसरला.

यातून मार्ग कसा निघतो, याचं मी ऐकलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या वडिलांचं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि आमचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड पाण्यात गेलं. माझा जन्म व्हायचा होता. वडिलांचे एक मित्र भवानी पेठेत राहायचे. त्यांच्या दोन खोल्यांत आई-वडील आणि आजी दीड महिना राहिले. नंतर वडील पैसे द्यायला गेले तेव्हा मित्राने घेतले नाहीत. वडील सांगायचे की पुढची काही वर्षं त्यांना त्या घरी जायला अवघड व्हायचं. सणाला जायचे, लवकर उठून यायचे. मग एक दिवस तेच मित्र आमच्याकडे आले आणि म्हणाले, "पोराचं गणित कच्चं आहे, मॅट्रिकपर्यंत तू बघ." वडील दोन वर्षं रोज संध्याकाळी चालत भवानी पेठेत जायचे. त्या दोन वर्षांबद्दल बोलताना वडिलांचा चेहरा जसा व्हायचा तसा दुसऱ्या कुठल्या आठवणीने व्हायचा नाही. त्या मित्राला गणिताचा दुसरा शिक्षक मिळाला नसता असं नाही. त्यांनी वडिलांना फेडायला जागा दिली. मदत करणं अनेकांना जमतं. आपल्याला मदत केलेल्या माणसाला फेडीची जागा करून देणं फार थोड्यांना सुचतं, आणि माझ्या मते मैत्रीतला विश्वास तिथेच पक्का होतो.

आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर वाटीभर आणली तर परत देताना वाटी शिगोशीग. नेमकं तेवढंच परत केलं तर हिशोब संपतो, आणि हिशोब संपला की ये-जाही संपू शकते. थोडं इकडे, थोडं तिकडे राहिलं की पुन्हा दार वाजवायला निमित्त राहतं. मित्रांमध्ये छोट्या गोष्टींचा हिशोब असा उघडाच ठेवावा. चहाचे पैसे, पेट्रोल, घर बदलताना उचललेलं सामान, मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी मारलेल्या फेऱ्या. जो मित्र चहाचे १२ रुपये लगेच ऑनलाइन पाठवतो त्याच्याशी जवळीक वाढायला वेळ लागतो, हा माझा अनुभव आहे.

मार्गारेट क्लार्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये याच गोष्टीवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोघांनी मिळून आकड्यांच्या मोठ्या कोष्टकातून ठरावीक क्रम शोधून खुणा करायच्या, बक्षीस दोघांना मिळून. एकाच्या खुणा आधी झालेल्या असत. दुसऱ्याच्या समोर दोन रंगांची पेनं ठेवलेली. अनोळखी माणसं बहुधा वेगळ्या रंगाचं पेन उचलत, म्हणजे कुणी किती शोधलं ते नंतर मोजता यावं. मित्र तसं बरंच कमी करत. मैत्रीत आपण नकळत एकाच रंगाचं पेन उचलतो. धंद्यातली अडचण इथूनच सुरू होते, कारण वर्षअखेरीला मी जेव्हा विचारते की हे काम कुणाचं, तेव्हा कागदावर सगळ्या खुणा एकाच रंगाच्या असतात.

भोसरीतल्या दोन मित्रांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. एकजण लेथवर बसणारा, हात सोन्याचे. दुसरा मोटारसायकलवर चाकणपासून रांजणगावपर्यंत फिरून जॉबवर्क आणणारा. अकरा वर्षं निम्मे-निम्मे. लेखी काही नव्हतं. बाराव्या वर्षी भांडण झालं आणि ते माझ्याकडे आले. मी दोघांना वेगवेगळ्या खोलीत बसवलं आणि कागदावर लिहायला सांगितलं की या धंद्याच्या यशात तुमचा वाटा किती टक्के. एकाने ७० लिहिले, दुसऱ्याने ६५. बेरीज १३५. दोघंही खोटं बोलत नव्हते. लेथवाल्याला रात्री अकराला घासलेलं प्रत्येक जॉब आठवत होतं, कारण तिथे तो स्वतः होता. फिरणाऱ्याला कंपनीच्या गेटवर उन्हात काढलेला प्रत्येक तास आठवत होता. दुसऱ्याचे तास दोघांनीही बघितलेच नव्हते. १९७९ मध्ये कॅनडात मायकेल रॉस आणि फिओर सिकोली यांनी नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता, तेव्हाही दोघांची बेरीज बहुतेक कामांत पूर्णापेक्षा जास्त भरली. म्हणून "मी जास्त करतोय" असं तुम्हाला वाटू लागेल त्या दिवशी एवढं लक्षात ठेवा की उरलेल्या दोघांनाही तेच वाटत असण्याची शक्यता दांडगी आहे.

त्या दोघांचा धंदा वाचला नाही. मैत्री चार वर्षांनी थोडीफार परत आली. एक साधी गोष्ट आधी ठरली असती तर दोन्ही वाचलं असतं असं मला आजही वाटतं, ते म्हणजे महिन्यातून एकदा समोरासमोर बसून महिन्याची कामं एकमेकांना सांगणं. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे जे भागीदार टिकले त्यांच्यात हे या ना त्या रूपात होतंच. कुणी दर गुरुवारी शेड बंद असताना बसतात, कुणी सिंहगड चढताना बोलतात.

लिहून घेण्याबद्दल लोकांचा समज असा की कागद म्हणजे अविश्वास. पण तुम्ही काही लिहिलं नाही तर तुमच्या जागी १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा लिहितो, आणि तो तुम्हाला ओळखत नाही. काही ठरलेलं नसेल तर त्याच्या कलम १३ प्रमाणे नफा-तोटा सगळ्यांचा सारखा, मग कुणी भांडवल दुप्पट घातलेलं असो. काम केल्याबद्दल कुठल्याही भागीदाराला वेगळा मेहनताना मागता येत नाही, मग तुमच्यातला एकजण दिवसाचे बारा तास वेल्डिंग करो आणि दुसरा शनिवारी येऊन जाओ. कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकटासुद्धा पूर्ण जबाबदार असतो, म्हणजे लोखंडाच्या व्यापाऱ्याची उधारी तो तिघांपैकी ज्याच्याकडे पैसे दिसतील त्याच्याकडून पूर्ण वसूल करू शकतो. मुदत ठरवली नसेल तर कुणीही एक भागीदार लेखी नोटीस देऊन भागीदारी संपवू शकतो. आणि फर्मची नोंदणी केली नसेल तर कराराच्या जोरावर गिऱ्हाइकाकडचे पैसे वसूल करायला फर्मला दावा लावता येत नाही. हे शेवटचं कलम ६९. त्याने किती जणांना रडवलंय ते मी बघितलंय.

तर सावड आणि इर्जिक यांची वाटणी कागदावर करा. भांडवल, महिन्याची उचल, कामाचा मेहनताना, कुठल्या रकमेपुढच्या खरेदीला तिघांची संमती, कुणाला बाहेर पडायचं असेल तर किती महिने आधी सांगायचं आणि त्याचे पैसे कसे मोजायचे, ही सगळी सावड. ती दिवसांत आणि रुपयांत लिहा, लाजू नका. घरी आजारपण आलं, बायकोचं बाळंतपण आलं, तर उरलेले दोघं शेड सांभाळतील, ही इर्जिक. तिच्यासाठी कलम घालू नका. ती कागदावर आली की तिचा दर ठरतो आणि दर ठरला की ती जाते.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. इस्रायलमध्ये हैफा शहरात दहा पाळणाघरांत एक प्रयोग झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला काही पालक उशिरा येत. त्यातल्या सहा पाळणाघरांत उशिरासाठी छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की बाईंना आपल्यामुळे थांबावं लागलं अशी बोच असायची. दंडानंतर तो विकत घेतलेला वेळ झाला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. म्हणून "शेडवर उशिरा येणाऱ्याने शंभर रुपये द्यायचे" अशी कलमं मित्रांच्या करारात घालायला मी नकार देते. शंभर रुपये मिळतील, पण "अरे सॉरी, तुम्हाला खोळंबून ठेवलं" हे वाक्य जाईल, आणि शेड त्या वाक्यावर चालते.

आता पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या मनात असेलच. मी पुन्हा पुन्हा पुढे व्हायचं आणि समोरच्याने घ्यायचं, याला शेवट काय? १९८० च्या सुमारास रॉबर्ट अॅक्सेलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने संगणकावर एक स्पर्धा घेतली. प्रत्येक फेरीत दोघांनी ठरवायचं, साथ द्यायची की दगा. दोघांनी साथ दिली तर दोघांना बरे गुण, एकाने दगा दिला तर त्याला जास्त आणि साथ देणाऱ्याला काहीच नाही, दोघांनी दगा दिला तर दोघांना थोडे. आणि हे त्याच जोडीत पुन्हा पुन्हा. पहिल्या वेळी तज्ज्ञांनी १४ प्रोग्रॅम पाठवले, दुसऱ्या वेळी ६२ आले. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम जिंकला. पहिल्यांदा साथ द्यायची, मग समोरच्याने मागच्या फेरीत जे केलं तेच करायचं. मराठीत त्याला जशास तसे म्हणता येईल, पण आपल्या जशास तसे मध्ये सूड जास्त ऐकू येतो. या प्रोग्रॅममध्ये सुरुवात विश्वासाने होते, आणि समोरचा सुधारला की मागचं लगेच विसरलं जातं.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा प्रोग्रॅम कुठल्याही एका जोडीत समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही. फार तर बरोबरी होते. तरी एकूण बेरजेत तो सगळ्यांच्या पुढे गेला, कारण त्याच्याबरोबर खेळणाऱ्या अनेकांशी त्याचं नीट जमलं. मित्राच्या एक रुपया पुढे राहायचंच अशी ज्याची धडपड असते, तो त्या एका जोडीत जिंकतो. पण माझ्या ऑफिसात असा माणूस मी तिसरा भागीदार बदलताना बघते.

या युक्तीत एक दोषही आहे, आणि मित्रांना तोच जास्त नडतो. चुकून एकदा दगा झाला, किंवा दगा नसताना तो दगा वाटला, तर दोन जशास तसे एकमेकांना आळीपाळीने शिक्षा करत राहतात. त्याने फोन उचलला नाही, म्हणून मी परत केला नाही, म्हणून त्याने साखरपुड्याला बोलावलं नाही. सुरुवातीचा फोन तो गाडी चालवत होता म्हणून उचलला गेला नव्हता. पुढे १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिगमुंड या दोन गणितज्ञांनी दाखवलं की जिथे अशा चुका होतात तिथे थोडी क्षमा करणारी रीत जास्त टिकते. त्या खेळाच्या नेहमीच्या गुणांप्रमाणे तीनातून साधारण एकदा दगा सोडून द्यायचा. प्रत्येक वेळी सोडून दिलं तर लोक तुम्हाला लुटतात. तीनातून एकदा, हे प्रमाण मला माझ्या भागीदारांकडे बघूनही पटतं, जरी त्यांनी ते कधी मोजलं नसलं तरी.

आणि एक. पुढे भेटायचंच नाही असं ठरलं की साथ देण्याचं कारण संपतं. माझ्या बघण्यात भागीदारांनी केलेल्या खऱ्या लबाड्या बहुतेक अशा माणसांनी केल्या, ज्यांनी मनातून बाहेर पडायचं आधीच ठरवलं होतं आणि सांगितलं नव्हतं. म्हणून बाहेर पडायचा रस्ता करारात मोकळा आणि मानाचा ठेवा. राजरोस जाता येत असेल तर चोरवाटेची गरज पडत नाही.

७०,००० कडे येते. मित्राला एकट्याला भेटा. फोनवर नको, मेसेजवर तर मुळीच नको. धंद्याची बैठक आहे असं सांगू नका. आधी चार रात्रींबद्दल बोला, आणि तुम्ही त्या विसरला नाहीत हे त्याला कळू द्या. मग थोडं थांबून असं काहीतरी: "मला तुझ्याबरोबर शेड काढायचीय आणि मनात काही ठेवून काढायची नाहीये. ते सत्तर हजार मी उसने समजून दिले होते. तुझ्या मनात ते काय आहेत, मला माहीत नाही. सांग." एवढं बोलून गप्प बसा. पुढचं वाक्य त्याचं असू द्या. आपल्याकडे अशा वेळी आपणच घाबरून "पण घाई नाही हां, असू दे" असं म्हणतो आणि उघडलेलं दार स्वतःच लावून घेतो.

तो म्हणेल, अरे, मला वाटलं तू ते सोडून दिलेस. किंवा म्हणेल, आत्ता नाहीयेत. किंवा चिडेल. पहिल्या दोन्ही उत्तरांवर रस्ता आहे. पैसे नसतील तर शेड सुरू झाल्यावर त्याच्या उचलीतून महिना ५,००० प्रमाणे १४ महिने, असं काहीतरी ठरवा आणि एका कागदावर त्याची सही घ्या. हे फर्मच्या वहीत आणू नका, तुमच्या दोघांचं खासगी ठेवा. सहीचा एक व्यावहारिक उपयोगही आहे. परतफेडीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत दिल्यापासून तीन वर्षांची असते, तुमची दीड गेली आहेत. मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली की तीन वर्षं नव्याने मोजतात. तुम्ही दावा लावणार नाही हे मला माहीत आहे. पण त्या कागदाने त्याच्या डोक्यावरचं मिंधेपण जातं, कारण आता त्याला किती आणि कधी द्यायचंय हे ठरलेलं असतं. आणि यापुढे एवढं लक्षात ठेवा: २०,००० किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीने घेणं किंवा फेडणं आयकर कायद्यात बसत नाही, मित्र असला तरी बँकेतूनच द्या.

तो चिडला तर मात्र थांबा. तो लबाड आहे असं त्यावरून ठरत नाही. पण भागीदाराच्या नात्यात पैशांचं बोलणं दर महिन्याला होणार आहे, आणि पहिल्याच बोलण्यात जो चिडतो त्याच्याबरोबर ते दर महिन्याला कसं होणार? मित्र म्हणून त्याला सोडू नका. वर्कशॉप त्याच्याशिवाय काढा.

भरवसा ठेवावा का, या तुमच्या मूळ प्रश्नावर माझी कसोटी एकच आहे, आणि ती पैसे वेळेवर देण्याची नाही. धंद्यात वेळेवर देता न येण्याची पाळी सगळ्यांवर येते, कोविडच्या दोन वर्षांत माझ्या जवळजवळ प्रत्येक अशिलावर आली. बघायचं ते हे की देता येत नसेल तेव्हा तो तोंड लपवतो की स्वतः येऊन सांगतो. दीड वर्ष तुमच्या मित्राने हे सांगितलेलं नाही. तुम्ही विचारल्यावर तो काय करतो ते बघायचं अजून बाकी आहे. चार रात्री तो बाकावर बसला यावरून एवढं कळतं की कठीण प्रसंगी तो पळत नाही. दुसऱ्याच्या कठीण प्रसंगी. स्वतःच्या कठीण प्रसंगी काय करतो, ते या बोलण्यातून कळेल.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकलेलं आहे. तुमच्या अख्ख्या प्रश्नात तिसऱ्या मित्राचा उल्लेख "तिघं" या शब्दापुरताच आहे. त्याला या ७०,००० बद्दल माहीत आहे का? कलम २५ खाली तुम्ही दोघं फर्मच्या नावावर जे देणं कराल त्यालाही तो स्वतःच्या घरादारासकट जबाबदार होणार आहे. तुम्हा दोघांत जुनं येणं आहे आणि ते दीड वर्ष कुणी बोललेलं नाही, हे त्याला सही केल्यानंतर बाहेरून कळलं, तर त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? दोघांचं बोलून झालं की मित्राला सांगा, हे आपण तिसऱ्यालाही सांगतोय. सांगायला दोघं मिळून जा, आणि शक्यतो बोलू द्या त्यालाच, ज्याने पैसे द्यायचे आहेत. करारासाठी स्टॅम्प पेपर त्यानंतर आणा.